खुर्ची कुणाची? स्कॉटलंडच्या विधिमंडळाची पाच वर्षांची हजेरी



पक्षांतरबंदीच्या भागानंतर इंदूरच्या एका श्रोत्याने मला प्रश्न पाठवला. प्रश्न साधा होता, पण मला बरेच दिवस पुरला. त्यांनी लिहिलं होतं, "साहेब, आमदार वारला की पोटनिवडणूक होते. आमदाराने पक्ष सोडला की कोर्टकचेरी होते. आमदाराने राजीनामा दिला की पुन्हा निवडणूक. मग ती जागा नक्की कुणाची? त्या माणसाची, पक्षाची, की आमची?"

याचं उत्तर आपल्याकडच्या उदाहरणांवरून द्यायला गेलो की लगेच कोण कुठल्या बाजूचा हे सुरू होतं. म्हणून आज मी तुम्हाला लांब घेऊन जातो, स्कॉटलंडला. तिथल्या विधिमंडळाच्या एकाच मुदतीत, २०११ ते २०१६ या पाच वर्षांत, कोण आलं, कोण गेलं आणि गेलेल्याच्या जागी कोण बसलं, याची हजेरी घेऊ. या एका मुदतीत तुमच्या प्रश्नाची एक नाही, तीन-चार वेगवेगळी उत्तरं मिळतात. शेवटी आपण आपल्या घरी परत येऊ.

आधी मैदान समजून घेऊ

स्कॉटलंडची संसद स्वयंभू नाही. लंडनच्या संसदेने १९९८ साली कायदा करून आपले काही अधिकार तिच्याकडे सोपवले. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायव्यवस्था हे विषय एडिंबरोकडे आले. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण लंडनकडे राहिलं. आपल्या राज्यांच्या विधानसभांना अधिकार थेट राज्यघटनेतून मिळतात, त्यांना संसदेच्या साध्या कायद्यातून मिळाले. हा मोठा फरक आहे, पण रोजचं कामकाज पाहिलं तर विधानसभेची आठवण येईल. पहिली निवडणूक १९९९ साली झाली. इमारत एडिंबरोच्या होलीरूड भागात आहे, म्हणून तिथली माणसं संसदेलाच होलीरूड म्हणतात.

एकूण जागा १२९. त्यातल्या ७३ आपल्यासारख्याच, म्हणजे एक मतदारसंघ, एक आमदार, ज्याला जास्त मतं तो विजयी. उरलेल्या ५६ जागा आठ विभागांत वाटलेल्या, प्रत्येक विभागात सात. या जागांसाठी मतदार दुसरं मत देतो आणि ते माणसाला नसून पक्षाला असतं. पक्षाने आधीच आपली क्रमवार यादी जाहीर केलेली असते. मतदारसंघांत ज्या पक्षाला मतांच्या मानाने कमी जागा मिळाल्या, त्याला यादीतून भरपाई मिळते. अपक्षालाही विभागात एकट्याने उभं राहता येतं, म्हणजे एकाच नावाची यादी.

आता २०११चा निकाल. स्कॉटिश नॅशनल पार्टी ६९, लेबर ३७, कॉन्झर्व्हेटिव्ह १५, लिबरल डेमोक्रॅट ५, ग्रीन २ आणि अपक्ष १. बेरीज १२९. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या नॅशनल पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. भरपाईच्या यादीमुळे एकाच पक्षाला बहुमत मिळणं फार कठीण, असं सगळे धरून चालले होते, आणि तरीही ते मिळालं. त्याच बहुमताच्या जोरावर १८ सप्टेंबर २०१४चं सार्वमत झालं. त्यामुळे या मुदतीत एकेका खुर्चीला किंमत होती.

पलटणीत रोज सकाळी परेड स्टेट तयार होतं. कागदावर किती, प्रत्यक्ष किती, रजेवर किती, दवाखान्यात किती. कागदावरच्या आकड्यावर विसंबून कुणी गस्त ठरवत नाही. विधिमंडळाचंही तसंच असतं. निवडणुकीच्या रात्रीचा आकडा आपण पाठ करतो आणि पाच वर्षं तोच सांगत राहतो, प्रत्यक्षातला आकडा मात्र हलत असतो. ६९चं काय झालं ते पाहा.

पहिल्याच आठवड्यात एक कमी झाला. ११ मे २०११ला नॅशनल पक्षाच्या ट्रिशा मारविक सभापती झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. तिथे सभापती झाला की पक्षाचं सदस्यत्व सोडायचं हा रिवाज आहे, आणि तो पाळला जातो. मत फक्त समसमान झालं तरच द्यायचं. म्हणजे पक्ष ६८वर आला आणि त्यांच्यासमोर बाकीचे ६०.

खुर्ची मतदारांची: तीन पोटनिवडणुका

मतदारसंघातली जागा रिकामी झाली तर तिथला कायदा सांगतो की तीन महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. तारीख सभापती ठरवतो. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली असेल तरच सूट. या मुदतीत अशा तीन पोटनिवडणुका झाल्या आणि तिन्हींची गोष्ट वेगळी आहे.

पहिली ॲबरडीन डॉनसाइडची. नॅशनल पक्षाचे ब्रायन ॲडम एप्रिल २०१३ मध्ये वारले. पक्षाने उमेदवारी मार्क मॅकडोनाल्ड यांना दिली. मॅकडोनाल्ड तेव्हा आमदारच होते, ईशान्य स्कॉटलंडच्या यादीतून आलेले. पण तिथला नियम असा की बसलेल्या आमदाराला पोटनिवडणूक लढवता येत नाही. त्यांना आधी स्वतःची जागा सोडावी लागली. हरले असते तर दोन्हीकडून गेले असते. २० जून २०१३ला ते निवडून आले, पण २०११च्या मानाने आघाडी बरीच घटली. त्यांनी सोडलेली यादीतली जागा दरम्यान भरली गेली होती, ती कशी ते पुढे सांगतो. एका मृत्यूमुळे दोन जागा आणि तीन माणसं हलली, हे लक्षात ठेवा.

दुसरी डनफर्मलिनची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०११ मध्ये बिल वॉकर इथून नॅशनल पक्षातर्फे अवघ्या ५९० मतांनी जिंकले. २०१२ मध्ये त्यांनी आपल्या बायकांना मारहाण केल्याचं प्रकरण वर्तमानपत्रात आलं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. जागा मात्र राहिली आणि ते अपक्ष म्हणून बसू लागले. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. तीन माजी पत्नी आणि एक सावत्र मुलगी, हल्ल्याचे २३ गुन्हे, काळ १९६७ ते १९९५.

आता कायद्याची गंमत पाहा. गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. ब्रिटनमध्ये एक वर्षापेक्षा जास्त कैद झाली तरच सदस्यत्व आपोआप जातं. खटला ज्या पद्धतीने चालला होता, त्यात न्यायालयाला जास्तीत जास्त बारा महिन्यांचीच शिक्षा देता येत होती. म्हणजे कितीही कडक शिक्षा झाली, तरी ती एक वर्षापेक्षा जास्त होणार नव्हती. तुरुंगात बसून आमदारकी आणि पगार दोन्ही चालू, असं दृश्य लोकांना दिसायला लागलं. सगळ्या पक्षांनी राजीनामा मागितला. आधी वॉकर हटून बसले, मग ७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पुढे शिक्षा झाली ती बरोबर बारा महिन्यांची. म्हणजे राजीनामा दिला नसता तर कायद्याने त्यांना हलवता आलं नसतं. लोकांचा संताप होता म्हणून ते गेले.

२४ ऑक्टोबर २०१३ला पोटनिवडणूक झाली. लेबरच्या कारा हिल्टन २,८७३ मतांनी जिंकल्या. हरलेल्या नॅशनल उमेदवार शर्ली-ॲन सॉमरव्हिल यांनी २०१६ मध्ये तीच जागा हिल्टन यांच्याकडून परत घेतली. मतदारांनी तीन वर्षांच्या आत दोनदा आपलं म्हणणं सांगितलं. मतदारसंघातली जागा मतदारांची, याचा अर्थ हाच.

तिसरी काउडनबीथची. लेबरच्या हेलन ईडी ९ नोव्हेंबर २०१३ला वारल्या. २३ जानेवारी २०१४ला मतदान झालं आणि लेबरचेच ॲलेक्स रोली मोठ्या फरकाने आले. मृत्यू ते मतदान, अडीच महिने. मध्ये नाताळ आणि स्कॉटलंडचा हिवाळा, तरी कुणी मुदतवाढ मागितली नाही.

आणखी एक नोंद. तिन्ही ठिकाणी निवडून आलेली व्यक्ती गेलेल्या सदस्याच्या घरातली नव्हती. आपल्याकडे पोटनिवडणूक म्हटली की पहिला प्रश्न 'उमेदवारी पत्नीला की मुलाला' हा असतो. मी त्याला वाईटच म्हणतो असं नाही, फरक दाखवतो एवढंच.

खुर्ची पक्षाची: यादीतला पुढचा

आता यादीतल्या जागा. इथे पोटनिवडणूक नाही. मतदारांनी मत पक्षाला दिलं होतं, म्हणून पक्षाच्या त्याच यादीतला पुढचा, पात्र आणि तयार असलेला माणूस येऊन शपथ घेतो. निवडणूक अधिकारी यादी उघडतो, नाव पाहतो, विचारणा करतो. खर्च जवळजवळ शून्य.

अशा चार जागा भरल्या गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये लेबरचे जॉन पार्क कामगार संघटनेत काम करायला गेले आणि जेन बॅक्स्टर आल्या. मे २०१३ मध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी सोडलेल्या जागेवर क्रिस्टियान अलार आले. ऑगस्ट २०१३ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे माजी नेते डेव्हिड मॅक्लेची वारले आणि कॅमरन ब्यूकॅनन आले. जानेवारी २०१६ मध्ये लेबरचे रिचर्ड बेकर यांनी राजीनामा दिला आणि लेस्ली ब्रेनन आल्या. ब्रेननबाईंना मुदत संपेपर्यंत जेमतेम दोन-अडीच महिने मिळाले.

अलार यांचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ईशान्य विभागात २०११ला नॅशनल पक्षाने दहाच्या दहा मतदारसंघ जिंकले होते आणि वर यादीतली एक जागा मिळाली होती. यादीतली बरीच नावं मतदारसंघांतून आधीच आमदार झालेली. त्यामुळे यादीत खाली खाली जात नंबर अलार यांच्यापर्यंत पोहोचला. अलार मूळचे फ्रान्सचे, स्कॉटलंडमध्ये मासळीच्या निर्यातीच्या धंद्यात आलेले. त्यांच्या नावावर कुणी शिक्का मारला होता असं म्हणता येत नाही. पण पक्षाच्या यादीवर मारला होता आणि नाव यादीत सगळ्यांसमोर छापलेलं होतं.

या पद्धतीचा फायदा असा की विभागात पक्षांचं जे प्रमाण मतदारांनी ठरवलं, ते कुणाच्या मृत्यूने बिघडत नाही. तोटा असा की दोन वर्षांनी लोकांचं मत बदललं असलं, तरी ते सांगायची संधी मिळत नाही.

उत्तर आयर्लंड याच्याही पुढे गेलं आहे. तिथल्या विधिमंडळात जागा रिकामी झाली की पक्षच नवा माणूस नेमतो, आधी छापलेल्या यादीचंही बंधन नाही. दोन समाजांतला समतोल पोटनिवडणुकीत ढळू नये, हे त्यामागचं कारण. कारण समजण्यासारखं आहे, पण मतदार त्या व्यवहारात कुठेच नसतो, हेही खरं.

खुर्ची माणसाची: तीन राजीनामे, पण पक्षाचे

यादीतली जागा पक्षाची म्हटलं. मग यादीतून आलेला माणूस जिवंतपणी पक्ष सोडून गेला तर?

ऑक्टोबर २०१२. सार्वमताबद्दल लंडन आणि एडिंबरो यांच्यात करार होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. पर्थ शहरात नॅशनल पक्षाचं अधिवेशन भरलं. विषय होता नाटो. पक्षाची जुनी भूमिका अशी की स्वतंत्र स्कॉटलंड नाटोत राहणार नाही. ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ स्कॉटलंडमध्येच, ग्लासगोपासून जवळ फॅसलेनला आहे, आणि तो हलवायचा हा पक्षाचा प्राण. पण नेतृत्वाला वाटलं की सार्वमत जिंकायचं तर शेजारी देशांना आणि काठावरच्या मतदाराला धीर द्यायला हवा. अण्वस्त्रं नकोत, पण नाटो चालेल, अशी नवी भूमिका मांडली गेली. जोरदार वाद झाला आणि अटीतटीच्या मतदानात ती मंजूर झाली.

लष्करात आयुष्य काढलेल्या माणसाला दोन्ही बाजू कळतात. आघाडीत राहिलं की संरक्षण मिळतं, आणि आघाडीच्या शस्त्रांची जबाबदारीही अंगावर येते. एक घेऊन दुसरं नाकारता येतं का, हा खरा प्रश्न होता.

हायलँड्स अँड आयलंड्स विभागाच्या यादीतून आलेले जॉन फिनी आणि जीन अर्कहार्ट यांनी ठरवलं की नाकारता येत नाही. दोघांनी पक्ष सोडला. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याला पाठिंबा कायम ठेवला, आमदारकीही ठेवली आणि अपक्ष म्हणून बसले. पुढे सप्टेंबर २०१४ मध्ये मध्य स्कॉटलंडच्या यादीतून आलेले जॉन विल्सन हेही बाहेर पडले.

तिघांनाही जनतेने नावाने मत दिलेलं नव्हतं. मत पक्षाच्या चिन्हाला पडलं होतं. मग जागा पक्षाला परत का नाही? कायदा सांगतो की एकदा शपथ घेतली की सदस्य हा सदस्य, तो कुठल्याही वाटेने आलेला असो. तिथे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की ज्या जाहीरनाम्यावर आम्ही आलो त्यात नाटोला विरोध होता, भूमिका पक्षाने बदलली, आम्ही नाही. पक्षनिष्ठांचा युक्तिवाद असा की धोरण अधिवेशनाने बहुमताने ठरवलं, पटत नसेल तर जागा सोडा, यादीतला पुढचा येईल. मला दोन्हींत तथ्य दिसतं. पण हे तिघं मंत्रिपदासाठी गेले नाहीत, सत्तेकडून बाहेर गेले, हे विसरता येत नाही. फिनी पुढे ग्रीन पक्षात गेले आणि २०१६ला त्याच विभागातून ग्रीनच्या यादीतून निवडून आले. मतदारांनी उशिरा का होईना, निवाडा दिला.

खुर्ची कुणाचीच नाही: मार्गो मॅकडोनाल्ड

आता सगळ्यात वेगळी जागा. मार्गो मॅकडोनाल्ड हे नाव स्कॉटलंडमध्ये पहिल्या नावानेच ओळखलं जातं. १९७३ साली ग्लासगोच्या गोवन पोटनिवडणुकीत त्यांनी नॅशनल पक्षातर्फे लेबरचा गड घेतला. १९९९ला त्या एडिंबरोत, लोदियन विभागाच्या यादीतून आल्या. २००३च्या आधी पक्षाने त्यांना यादीत खाली ढकललं. त्यांनी पक्ष सोडला, एकट्याच्या नावाची यादी लावली आणि २००३, २००७, २०११ अशा तिन्ही वेळा निवडून आल्या. पूर्ण विभागात एकट्या बाईला इतकी मतं मिळणं ही साधी गोष्ट नाही.

त्यांना पार्किन्सनचा आजार होता. असाध्य रुग्णाला स्वतःच्या इच्छेने आयुष्य संपवण्यासाठी मदत मिळावी, असं विधेयक त्यांनी आणलं. २०१० मध्ये ते ८५ विरुद्ध १६ मतांनी पडलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी सुधारून दुसरं आणलं. ४ एप्रिल २०१४ला त्या गेल्या.

आता त्या खुर्चीवर कोण? यादीत दुसरं नावच नाही. आणि विभागातल्या एका जागेसाठी पोटनिवडणूक घेतली, तर सगळ्यात मोठा पक्षच ती नेणार, मग भरपाईच्या तत्त्वाला अर्थ राहत नाही. म्हणून कायदा सांगतो की अपक्षाची विभागीय जागा रिकामी झाली तर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत ती रिकामीच ठेवायची. मे २०१६पर्यंत ती रिकामी राहिली. दोन वर्षांहून जास्त काळ होलीरूडची संख्या १२८ होती. लोदियनच्या सात विभागीय आमदारांऐवजी सहाच. सार्वमताचा पूर्ण उन्हाळा या काळात येऊन गेला.

त्यांचं विधेयक मात्र त्यांच्याबरोबर गेलं नाही. ग्रीन पक्षाचे पॅट्रिक हार्वी यांनी ते पुढे नेलं. २७ मे २०१५ला ते ८२ विरुद्ध ३६ मतांनी पडलं. बाजूची मतं १६वरून ३६वर आली होती. त्यात मार्गो यांचं स्वतःचं मत नव्हतं आणि त्यांच्या मतदारांच्या वतीनेही त्या जागेवरून कुणी मत दिलं नाही.

परेड स्टेट

आता बेरीज करू. पाच वर्षांत आठ जागा रिकाम्या झाल्या. चार मृत्यूंमुळे, चार राजीनाम्यांमुळे. तीन पोटनिवडणुकीने भरल्या, चार यादीतून, एक भरलीच नाही. याशिवाय पाच जणांनी जागेवर बसून पक्ष सोडला किंवा त्यांना काढलं गेलं: मारविक रिवाजाने, वॉकर शिक्षा म्हणून, फिनी, अर्कहार्ट आणि विल्सन तत्त्वासाठी.

नॅशनल पक्ष ६९वरून ६८, वॉकर गेल्यावर ६७, दोघं गेल्यावर ६५, विल्सन गेल्यावर ६४. डनफर्मलिनमुळे लेबर ३७वरून ३८. सप्टेंबर २०१४च्या शेवटी सभापती सोडून मत देणारे १२७. त्यात सरकारचे ६४, बाकीचे ६३. नऊचं बहुमत एकावर आलं होतं. आणि तेही मार्गो यांची खुर्ची रिकामी होती म्हणून. ती भरलेली असती आणि विरोधात बसली असती, तर ६४ विरुद्ध ६४.

सरकार पडलं नाही, कारण बाहेर पडलेले बहुतेक प्रश्नांवर जुन्या पक्षाबरोबरच होते. पण संख्येला अर्थ असतो. २०११च्या डिसेंबरात याच सरकारने फुटबॉल सामन्यांतल्या द्वेषपूर्ण वर्तनाविरुद्धचा कायदा इतर पक्षांचा विरोध असताना केवळ आपल्या संख्येवर केला. २०१६ला पक्ष ६३वर आला, बहुमत गेलं, आणि २०१८ मध्ये विरोधकांनी एकत्र येऊन तोच कायदा रद्द केला.

आता आपल्या घरी

आपल्याकडे सगळ्या विधानसभा जागा मतदारसंघाच्या आहेत. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, असं १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. अपवाद दोन: मुदत एका वर्षाहून कमी उरली असेल, किंवा निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून अडचण असल्याचं प्रमाणित केलं असेल.

पुण्याच्या श्रोत्यांना हे सांगायला नको. खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ला गेले. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून जास्त. तरी पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्यायला सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुणेकर वर्षाहून जास्त काळ लोकसभेत खासदाराविना राहिले. लोदियनची एक खुर्ची रिकामी राहिली, पण तिथे मतदारांचे दुसरे आमदार होते. पुण्याला दुसरा खासदार नव्हता.

गुन्हेगारीच्या बाबतीत आपला नियम दोन वर्षांच्या शिक्षेचा आहे. वॉकर प्रकरणाच्या वर्षीच, १० जुलै २०१३ला, सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात सांगितलं की दोषी ठरलेल्या आमदार-खासदाराला अपील करून जागा टिकवण्याची जी खास सवलत होती, ती घटनाबाह्य आहे. तरीही रेषा कुठेही आखा, रेषेच्या अलीकडे एखादा वॉकर बसलेला असतोच.

पक्ष सोडण्याच्या बाबतीत आपण उलट टोकाला आहोत. १९८५च्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षाचं सदस्यत्व स्वेच्छेने सोडलं की आमदारकी जाते. फिनी आपल्याकडे असते तर अपात्र ठरले असते. पण दोन तृतीयांश आमदार मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर चालतं. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११पैकी ८ आमदार असेच गेले. दुसरी वाट राजीनाम्याची. मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि सरकार गेलं. आणि निर्णय सभापतीकडे, ज्याला कायद्याने मुदतीचं बंधन घातलेलं नाही. महाराष्ट्रात जून २०२२च्या शिवसेनेतल्या फुटीचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ला दिला. कोण बरोबर, कोण चूक हे मी इथे सांगत नाही. पण दीड वर्ष मतदाराला आपला आमदार कायद्याने आमदार आहे की नाही, हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे आपला कायदा तत्त्वासाठी एकट्याने बाहेर पडणाऱ्याला पकडतो आणि घोळक्याने जाणाऱ्याला सोडतो. स्कॉटलंडचा कायदा दोघांनाही सोडतो. मला विचाराल तर दोन्हींत कमतरता आहे.

इंदूरच्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. जागा मतदारांचीच. माणूस आणि पक्ष हे तिचे मुदतीचे ताबेदार आहेत. हे खरं आहे की नाही ते तपासायचं असेल, तर जागा रिकामी होते किंवा ताबेदार बदलतो त्या दिवशी पाहा. मतदाराला किती लवकर, किती स्वच्छ विचारलं जातं? काउडनबीथला अडीच महिने लागले. लोदियनला विचारलंच नाही, पण का विचारणार नाही हे कायद्यात सोळा वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. पुण्याला विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही.

तुमच्यासाठी एक काम देतो. तुम्ही बेळगावचे असा, बडोद्याचे असा की हैदराबादचे, आपल्या विधानसभेची शेवटची निवडणूक घ्या. त्या रात्रीचा आकडा एका बाजूला लिहा, आजचा दुसऱ्या बाजूला. मधला फरक कुणामुळे पडला ते नावानिशी मांडा: मृत्यू, राजीनामा, अपात्रता, पक्षबदल. आणि प्रत्येकासमोर लिहा, मतदाराला पुन्हा विचारलं की नाही. तक्ता एका पानात बसेल. माझ्याकडे पाठवा. पुढच्या भागांपैकी एकात आपण ते एकत्र वाचू.

जय हिंद.